मुळाला विचारावं लागेल

त्या रानात कीड सर्वांनाच लागत असे. झाड म्हटले की कीड आलीच, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. ती सालीखाली शिरे, आतले लाकूड कुरतडी, आणि झाडाला मुकाट्याने सोसावे लागे. झाडाला इतक्या फांद्या असतात, पण स्वतःचे अंग खाजवायला त्यातली एकही कामाला येत नाही. म्हणून सुतारपक्षी होते.

सुतारपक्ष्यांचे काम असे की आधी ठोकून ऐकायचे, मग खोदायचे आणि शेवटी बुजवायचे. यात ऐकणे मुख्य. खोडावर चोच मारायची, कान लावायचा, थोडे सरकायचे, पुन्हा चोच मारायची. भरीव लाकडाचा आवाज निराळा, पोकळ लाकडाचा निराळा. आणि आत कोणी कुरतडत असेल तर ठोकल्याबरोबर ते भिऊन गप्प बसे. ती गप्प बसण्याची जागा सापडली की कीड सापडली. मग तिथपर्यंत खोदायचे आणि कीड उपटून फेकून द्यायची. ती इतकी कडू असे की खाण्याचा प्रश्नच नव्हता. त्या रानातले सुतारपक्षी फळांवर जगत. शेवटी भोकात सालईच्या झाडाचा डिंक भरायचा आणि पंजाने चेपायचा. डिंक वाळला की त्यावर नखांचे ठसे उमटून राहत. ज्याचे ठसे त्याची जबाबदारी. पुढे त्या जागी दुखलेखुपले तर त्याच पक्ष्याला हाक जाई आणि त्याला यावे लागे.

ज्या झाडाला फळे असत ते फळे देई. ज्याला नसत ते घरटे करायला ढोली देई. असा त्यांचा व्यवहार होता.

हा व्यवहार फार गोड होता असे समजण्याचे कारण नाही. एखाद्या साली बहर गळून गेला की झाडाकडे द्यायला काही उरत नसे. मग ते कीड लपवी. कोणी विचारलेच तर म्हणे, "काही नाही, वाऱ्यानं कुरकुरतंय," आणि पुढच्या वावटळीत आडवे होई. आणि फळांनी लगडलेले झाड दिसले की निष्कारण चार भोके जास्त पाडणारे सुतारपक्षीही त्या रानात होतेच. रेवजी त्यांच्यातला नव्हता. तो मन लावून ऐकणारा पक्षी होता, इतका की त्याची बायको चांगुणा त्याला म्हणे, "अहो, झाडाचं ऐकता तसं एकदा माझंही ऐका." रेवजी हसे आणि पुन्हा खोडाला कान लावी.

रेवजीचा जन्म हेदूच्या ढोलीतला. हेदू हे रानाच्या मध्यावरचे एक जुने, उंच आणि बोलके झाड. रेवजीच्या बापाने त्याची कीड काढली होती आणि त्याबद्दल हेदूने त्याला दक्षिणेकडची ढोली दिली होती. बाप गेला, ढोली रेवजीकडे आली. अंड्यातून बाहेर आल्यावर त्याने पहिला आवाज ऐकला तो हेदूच्या पोटातल्या पाण्याचा, वर चढणाऱ्या रसाचा. त्यामुळे हेदू हे त्याच्या दृष्टीने झाड कमी आणि घरचे माणूस जास्त होते.

वेल रानात केव्हा आली हे कोणालाच सांगता येत नाही. कोणी म्हणे पुरात वाहून आली, कोणी म्हणे कुठल्याशा पाखराच्या पायाला चिकटून आली. तिला पाने नव्हती. नुसते पिवळे तंतू, पण उन्हात असे झळकत की ज्या झाडावर ते पडलेले असत ते दागिन्यांनी मढल्यासारखे दिसे. बोलणे मात्र फार अदबीचे. त्या रानात झाडांना "आपण" असे तिच्यापूर्वी कोणी म्हटले नव्हते.

"आपण रोज एक थेंब रस द्या," ती म्हणे. "थेंबानं आपल्याला काय होणार? ज्या साली कीड लागेल त्या साली मात्र फळांची चिंता नको, ढोलीची नको. नुसतं आम्हाला सांगा. पक्षी आम्ही पाठवू, त्याचं आम्ही बघू."

यात खोट काढण्यासारखे काहीच नव्हते, आणि ज्यांनी बहर गळाल्यामुळे शेजारी आडवे झालेले पाहिले होते त्यांना तर हे वरदानच वाटले. झाडांनी साली सैल केल्या. वेल अलगद टेकली आणि थेंब थेंब टिपू लागली. एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी ती पसरली. हेदूने तर पहिल्याच दिवशी तिला अंगावर घेतले आणि येणाऱ्याजाणाऱ्या पाखराला बोलावून दाखवले.

मग वेल पक्ष्यांकडे वळली. तिचे म्हणणे असे, की जो पक्षी वेलीत येईल त्याला झाडे शोधत फिरावे लागणार नाही. झाडेच त्याला हाक मारतील. वेलीला बारीक, पिवळट फळे लागत. कामाबद्दल ती फळे मिळतील. खूण म्हणून पायात वेलीचा एक धागा बांधायचा, त्याचे टोक लोंबते ठेवायचे, आणि ते तोडायचे नाही.

"टोक कशाला लोंबतं?" केरबाने विचारले. केरबा हा रानाच्या कडेला राहणारा म्हातारा सुतारपक्षी, रेवजीला काम शिकवणारा.

"लांबून दिसावं म्हणून," वेल म्हणाली.

"मी दिसतोच आहे," केरबा म्हणाला आणि उडून गेला. त्याने धागा बांधला नाही.

रेवजीनेही सुरुवातीला बांधला नव्हता. पण हळूहळू त्याला हाका येईनाशा झाल्या. तो आपणहून एखाद्या ओळखीच्या झाडावर जाऊन बसे, तर झाड आधी त्याच्या पायाकडे बघे आणि अवघडून म्हणे, "तुझ्यावर अविश्वास नाही रे रेवजी. पण वेलीला रोज रस देतोय, तर वेलीतला पक्षी का नको? दोन्हीकडे द्यायचं म्हणजे जरा जडच जातं." त्यांचेही चुकत नव्हते. पिल्ले झाली होती, आणि चांगुणा दिवसभर रिकाम्या चोचीने फिरून येई.

"केरबाकाका एकटे आहेत, त्यांचं भागतं," ती म्हणाली. "आपल्याकडे तोंडं आहेत."

रेवजीने पाय पुढे केला. धागा गार होता आणि अगदी हलका. बांधला आहे हेही थोड्या वेळाने आठवेनासे झाले.

हाका येऊ लागल्या, आणि इतक्या येऊ लागल्या की त्याला मान वर करायला फुरसत होईना. पण काम तेच राहिले असले तरी त्याचे रूप बदलले. खोदणे अर्ध्या चोचीपर्यंत, त्यापेक्षा खोल जायचे असेल तर विचारायचे. बुजवण्याला फळे होती, उथळ खोदण्याला थोडी होती. ऐकण्याला एकही नव्हते.

"ऐकण्यातच तर सगळं आहे," रेवजी पहिल्यांदा म्हणाला होता.

"असेलही," सर्वांत जवळचा तंतू म्हणाला. "पण भोक पडलेलं दिसतं, बुजवलेलं दिसतं. ऐकलेलं कुठं दिसतं?"

वेलीशी बोलणे ही मोठी विचित्र गोष्ट होती. रानात कुठेही बसा, जवळचा तंतू बोले, आणि सगळीकडे आवाज एकच, तोच गोड, तोच सावकाश. पण काल एका तंतूला सांगितलेले आज दुसऱ्याला ठाऊक नसे. आणि कोणताही तंतू स्वतः काही ठरवत नसे. अडचणीचा प्रश्न आला की सगळे एकच उत्तर देत. "मुळाला विचारावं लागेल."

आणखी एक नियम पुढे निघाला. वेलीतल्या पक्ष्याने झाडाकडून परस्पर काही घ्यायचे नाही, फळ नाही आणि ढोलीही नाही. रेवजीने सांगून पाहिले की ही ढोली बापाच्या वेळची आहे. तंतूने ते पूर्ण ऐकून घेतले, आणि मुळाला विचारले. काही काळाने उत्तर आले. चांगुणा पिल्लांना घेऊन एका पडलेल्या खोडात राहायला गेली. ढोली रिकामी राहिली आणि तिच्यात कोळ्याने घर केले. हेदू हळहळला, पण म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा असतो बाबा. त्याशिवाय एवढं रान चालेल कसं?"

याच हेदूला त्या वर्षी कीड लागली.

लागली तेव्हा तो घाबरला नाही. उलट जरा खूशच झाला. "पहिल्या दिवसापासून वेलीत आहे मी," तो शेजारच्या झाडांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "इतकी वर्षं रस दिला आणि एकदा म्हणून कीड नाही. आता कुठं उपयोग व्हायचाय. बोलवा आपल्या रेवजीला."

रेवजी आला. ऐकण्याला काही मिळत नसले तरी हेदूच्या खोडावर न ऐकता चोच मारणे त्याला जमण्यासारखे नव्हते. तो खालपासून वरपर्यंत ठोकत गेला. बराच वेळ त्याला काही सापडले नाही, आणि मग बुंध्यापासून थोडे वर, पूर्वेच्या बाजूला, त्याने ठोकले तसे आत काहीतरी एकदम गप्प झाले. ते सालीखाली नव्हते, फार आत होते, पाणी वर चढते त्या वाटेच्या अगदी लगत. आणखी थोडे आत गेले की वाट तुटणार आणि वरचे सगळे झाड तहानेने वाळणार, हे त्याला स्वच्छ कळले.

"पूर्ण चोच घालावी लागेल," तो जवळच्या तंतूला म्हणाला. "आणि लवकर."

"अवश्य," तंतू म्हणाला. "कीड दाखवा."

"ती आत आहे. खोदल्याशिवाय कशी दाखवू?"

"खोल खोदायला परवानगी लागते."

"मग परवानगी द्या."

"परवानगीला कीड दिसावी लागते," तंतू म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कुठेही उपहास नव्हता. "आपली अडचण आमच्या लक्षात येते. मुळाला विचारावं लागेल."

रेवजी रोज येऊन विचारू लागला. निरोप गेला आहे, असे उत्तर येई. कधी निरोप पोचला आहे असे येई, आणि कधी कोणता निरोप असे येई. मग पुन्हा सगळे पहिल्यापासून सांगावे लागे. इकडे हेदूच्या शेंड्याची पाने कडेने तांबूस होऊ लागली. तो अजून बोलत होता, पण वाक्याच्या मध्येच थांबे आणि काय सांगत होतो ते विसरे. रेवजी ठोकून पाही, आणि दर वेळी ती गप्प बसण्याची जागा थोडी आणखी आत सरकलेली असे.

शेवटी उत्तर आले. "कळवायला आनंद होतो," तंतू म्हणाला, "की मुळानं आपल्या झाडासाठी अर्ध्या चोचीचं खोदणं आणि बुजवणं मंजूर केलं आहे."

"अर्धी चोच किडीपर्यंत पोचणार नाही. ती आत राहील."

"बुजवणं संपूर्ण मंजूर आहे," तंतू म्हणाला.

रेवजीने खोदायला सुरुवात केली. अर्धी चोच आत गेली आणि तो थांबला. पुढे लाकूड ओले होते, आणि त्यापलीकडे कोणीतरी गप्प बसलेले होते. बस, आणखी अर्धी चोच. आजूबाजूला कोणी पाहत नव्हते. तंतू मात्र सगळीकडे होते. त्याने मनात ठरवले आणि पुढच्या घावासाठी मान मागे घेतली.

"काय करतोयस?" हेदूने विचारले.

"हेदूबाबा, मी आत जातो. ती इथंच आहे, मला कळतंय."

"मंजूर झालंय का तेवढं?"

"नाही."

हेदू घाबरला. कीड लागली तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता. "नको रे बाबा," तो म्हणाला. "नियमाबाहेर केलंस तर मला वेलीतून काढतील. इतक्या वर्षांचा रस फुकट जाईल माझा. आणि उद्या दुसरी कीड लागली तर? तेव्हा कोण आहे? तुला द्यायला माझ्याकडे ढोलीशिवाय काही नाही, आणि ती तुला चालत नाही."

"मला काही नको."

"तुला आज नको. पण तुझा धागा काढून घेतला तर तुझी पिल्लं काय खातील? मंजूर आहे तेवढं कर. मूळ काय वेडं आहे? एवढं रान सांभाळतंय, त्याला काही कळत असेलच ना."

रेवजीला पडलेल्या खोडातली पिल्ले आठवली, चांगुणाची रिकामी चोच आठवली. त्या क्षणी त्याला स्वतःच्या चोचीचा राग आला, की ती इतकी लांब का आहे. मग तो सालईवरून डिंक घेऊन आला. त्याने तो भोकात भरला आणि पंजाने चेपला. चेपताना पायातल्या धाग्याचे लोंबते टोक डिंकात अडकले. त्याने पाय ओढला तसे ते तुटले आणि बोटभर तुकडा आतच राहिला. रेवजीचे लक्ष नव्हते. तो लाकडापलीकडच्या त्या गप्प बसलेल्या किडीकडे कान लावून होता. डिंकाचा शेवटचा थर बसला आणि त्याआड कुरतडणे पुन्हा सुरू झाले.

"आहाहा," हेदू म्हणाला. "गार वाटलं बघ. तुझ्या बापाचा हात तुझ्याकडे आलाय."

रेवजीला ते ऐकून रडू आले. पक्ष्यांना रडता येत नाही, म्हणून तो नुसता उडून गेला.

काही दिवस हेदू खरोखरच ताजातवाना दिसला. मग शेंड्याची पाने गळायला लागली. ती आधी शेंड्याची गळाली, मग मधली, आणि बहराचा महिना असून एकही नवी पालवी फुटली नाही. रेवजीला हाक आली, कारण ठसे त्याचे होते. तंतूने त्याला आठवण करून दिली, की एकाच जागी दुसऱ्यांदा काम केले तर फळे मिळत नाहीत, कारण पहिले काम नीट झालेले असायला हवे होते.

"फळं नकोत," रेवजी म्हणाला. "खोल खोदू द्या."

"बुजवलेली जागा उकरायची असेल तर," तंतू सावकाश म्हणाला, "मुळाला विचारावं लागेल."

रेवजी तिथून उठला तो थेट केरबाकडे गेला. केरबा रानाच्या कडेला एका सुकलेल्या बाभळीवर बसला होता. त्याने सगळे ऐकून घेतले.

"काका, तुम्हाला धागा नाही. तुमच्यावर नियम नाही. तुम्ही चला," रेवजी म्हणाला. "हेदूबाबांना मी समजावतो. त्यांच्या हातापाया पडतो."

केरबा बसल्या जागी वळला आणि त्याने बाभळीच्या खोडावर चोच मारली. चोच घसरली. त्याने पुन्हा मारली. सालीवर एक ओरखडा उमटला, बाकी काही नाही.

"हाका येत नाहीत ना," तो म्हणाला. "चालती नसली की चोच बोथटते. चार दिवस बसून राहिलो, मग महिनाभर बसलो, मग मला वाटलं, बघू केव्हातरी घासून. तुझ्या चोचीला धार आहे रेवजी. तूच जा."

"मला परवानगी नाही."

"मग मूळ कुठं आहे ते शोध आणि त्याच्यासमोर उभा राहा. निरोप कसले पाठवतोस? झाडाचं दुखणं निरोपातून कळतं का कोणाला?"

हे रेवजीला पटले. इतके दिवस ते आपल्याला कसे सुचले नाही याचेच त्याला नवल वाटले. मूळ म्हणजे कोणीतरी असणारच. ते जमिनीत असेल, म्हणजे स्थिर असेल, म्हणजे झाडांसारखेच असेल. त्याला पोटातले पाणी ठाऊक असेल. समोर बसून नीट सांगितले तर ते ऐकेल. तो हेदूकडे गेला.

"मी स्वतः जाऊन विचारतो," तो म्हणाला. "उत्तर घेऊनच येतो."

"तू जाशील?" हेदूचा आवाज आता सालीच्या आतून आल्यासारखा येई. "माझ्यासाठी एवढा लांब जाशील? सांग त्याला, हेदू आहे म्हणावं, रानाच्या मध्यावरचा. पहिल्या दिवसापासूनचा. ओळखेल ते."

रेवजी वेलीच्या कडेकडेने निघाला. त्याने वाट धरली ती साधी: कुठलीही वेल मुळाकडे जाड होत जाते, तेव्हा बारीक तंतू सोडायचा आणि जाड धरायचा. चिंचेवरून तो धावड्यावर गेला, धावड्यावरून कळंबावर. वाटेत तंतू त्याच्याशी बोलत. "आपण योग्य मार्गावर आहात," ते म्हणत. "मूळ पुढं आहे." चुकूनही कोणी त्याला अडवले नाही, की कोणी कडवट बोलले नाही.

वाटेत त्याने रान पाहिले. आजवर तो हाक येईल त्या झाडावर जाई आणि काम करून निघे. असे सलग रान त्याने धागा बांधल्यापासून पाहिले नव्हते. जागोजाग डिंकाने बुजवलेली गोल भोके होती, नीटनेटकी, चकचकीत, आणि त्यांवर ओळखीच्या पक्ष्यांचे ठसे होते. काहींवर त्याचे स्वतःचेही होते. प्रत्येक भोकाच्या कडेला एक पिवळा तंतू दिसे. तो आतून बाहेर आला होता की बाहेरून आत गेला होता, हे काही कळत नव्हते. रेवजी सवयीने ठोके आणि पुढे जाई. बऱ्याच झाडांमधून पाण्याचा आवाज येत नव्हता. तरी ती उभी होती, कारण वेलीने त्यांना एकमेकांना घट्ट बांधून ठेवले होते.

जमिनीकडे जाणारा तंतू मात्र त्याला कुठे दिसला नाही. रानाच्या पलीकडच्या टोकाला नाही, ओढ्याच्या काठाला नाही, खडकाखाली नाही. पण दिवसामागून दिवस जात होते आणि वेल जाड होत चालली होती एवढे खरे. तंतूची दोरी झाली, दोरीचा दोरखंड झाला. रेवजीला धीर आला. आता फार लांब नसणार. तो चोच जवळजवळ वेलीला टेकवून, दुसरीकडे कुठेही न बघता पुढे सरकत राहिला. त्या सकाळी धुके होते आणि फांद्यांच्या पलीकडचे काही दिसतही नव्हते. मनात तो बोलायचे शब्द जुळवत होता. रागाने बोलायचे नाही. हेदूबाबा पहिल्या दिवसापासूनचे आहेत, हे आधी सांगायचे.

वेल एका झाडावर चढली. ते पिवळ्या दोरांनी इतके वेढलेले होते, आणि पान तर एकही नव्हते, की ते कोणत्या जातीचे हेही रेवजीला ओळखू येईना. तो दोरखंडाबरोबर गोल फिरत खाली उतरला. बुंध्यापासून थोडे वर, पूर्वेच्या बाजूला, दोरखंड एकदम संपला. संपला म्हणजे आत गेला. सालीत एक गोल भोक होते, ते सालईच्या डिंकाने बुजवलेले होते. तो डिंक मधोमध फोडून दोरखंड आत उतरला होता. वाळलेल्या डिंकावर नखांचे ठसे होते.

रेवजीने आपला पंजा त्या ठशांवर ठेवला. तो बरोबर बसला.

"कोण आहे?" वरून, फार लांबून आल्यासारखा आवाज आला. "रेवजी का रे?"

"हो, हेदूबाबा."

"आलास? मला वाटलंच होतं तू येशील. भेटलं का मूळ?"

रेवजीने ठशांवरचा पंजा काढून घेतला.

"काय म्हणालं? माझं नाव सांगितलंस ना? ओळखलं का?"

"आपला निरोप मुळापर्यंत पोचला आहे," डिंकाजवळचा दोर गोड आवाजात म्हणाला. "कृपया थांबावं."

"ऐकलंस?" हेदू म्हणाला, आणि त्याच्या सुकलेल्या फांद्यांना थोडा आनंद झाल्यासारखे वाटले. "पोचला म्हणे. थांबतो की, मी कुठं जातोय? तूही बस रे, एवढा लांबून आलायस. उत्तर आलं की लगेच खोदायला घे."

रेवजी बसला. सवयीने त्याने खोडावर ठोकले आणि कान लावला. आता ठोकल्यावर आत कोणीही गप्प बसले नाही. कुरतडणे तसेच चालू राहिले. त्याने पुन्हा ठोकले, जरा जोराने. मग तो तसाच खोडाला कान लावून पाण्याचा आवाज शोधत राहिला, म्हणून पायाकडे त्याचे लक्ष गेले नाही. पायातल्या धाग्याला नवे टोक फुटले होते. ते हलके वळत वळत सालीपर्यंत पोचले होते, आणि एक बारीक फट शोधून आत शिरत होते.